अकरावा रकाना

गोंडपिपरी,
१२ नोव्हेंबर २०२३

आदरणीय देवरावभाऊंस,
धाकट्या प्रफुलचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलवत नाही, म्हणून हे पत्र.

बाबांच्या गाडीची कंपनी परत सुरू होणार आहे. थॉर्नबीचा इंग्लंडमधला कारखाना बंद पडून बावन्न वर्षे झाली. आता तिकडच्या एका उद्योजकाने ते नाव विकत घेतले आहे. जुन्या थॉर्नबीवाल्यांचे एक मंडळ आहे, साडेचारशे सभासदांचे. ते सगळे आनंदाने वेडे झाले आहेत. त्यांचे लिखाण नात संघप्रिया मला रोज मोबाइलवरून वाचून दाखवते. न्यूझीलंडच्या एका म्हाताऱ्याने तर न आलेल्या नव्या गाडीसाठी शेडसुद्धा बांधून ठेवली. ताराबाई म्हणते, का माह्या विलायती सवतीले माहेरचा सांगावा आला म्हने.

आपल्या कामाची गोष्ट अशी, की नवी कंपनी सर्वांत आधी जुन्या गाड्यांचे सुटे भाग तयार करणार आहे, आणि त्यात मागच्या ॲक्सलचे क्राउन-पिनियन आहे. त्या दोन दातेरी चाकांवाचून आपली गाडी एकोणीस वर्षे शेडमध्ये उभी आहे. भाग मात्र मंडळाच्या नोंदवहीत असलेल्या गाडीलाच मिळेल. अर्ज इंग्रजीत आहे, अकरा रकान्यांचा. तो तुम्ही भरावा. कॉलेजात तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाचे इंग्रजी आणि माझे एसटीच्या वर्कशॉपमधले इंग्रजी यांत फरक आहे.

दुसरे असे, की नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा गेल्यातच जमा. उजव्याने समोरचे दिसते, कडेचे नाही, बोगद्यातून पाहिल्यासारखे. ते म्हणाले, वर्ष, फार तर दीड वर्ष. मला ती गाडी एकदा गोंडपिपरीहून चंद्रपूरला, तुमच्या फाटकापर्यंत स्वतः चालवत आणायची आहे. दिसते आहे तोवर. बाकी मागणे नाही.

धाकट्यावर माया ठेवावी.
आपला,
प्रफुल


चंद्रपूर,
१९ नोव्हेंबर २०२३

चि. प्रफुलास,
देवरावचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. क्रमाने उत्तर देतो.

तुझ्या पत्रात तीन वेगळी विधाने एकत्र झाली आहेत. नाव विकले गेले, हे पहिले. कारखाना सुरू होईल, हे दुसरे. आपल्याला हवा तो भाग तयार होईल, हे तिसरे. पहिल्यावरून दुसरे निष्पन्न होत नाही आणि दुसऱ्यावरून तिसरे होत नाही. साडेचारशे माणसांनी एकच इच्छा धरल्याने ती घटना होत नाही. न्यूझीलंडच्या गृहस्थांनी बांधलेली शेड हा त्यांच्या इच्छेचा पुरावा आहे, गाडीचा नव्हे.

तथापि अर्ज भरण्यास माझी हरकत नाही. त्यासाठी बाबांनी गाडीत वेळोवेळी केलेल्या बदलांची यादी मला पाठव. वर्षासह, काही न वगळता.

पुढील महिन्यात तुझ्या वहिनीला, कमलाला, जाऊन तीन वर्षे होतील. परित्राणपाठ घरातच ठेवला आहे. तू यायचे कारण नाही. बसच्या पायऱ्या उंच असतात. डोळ्यांच्या थेंबांची वेळ चुकवू नयेस.

क्षेम कळवत राहावे.
देवराव


गोंडपिपरी,
१० डिसेंबर २०२३

आदरणीय देवरावभाऊंस,
सविनय जयभीम. वि. वि.

यादी करायला बसलो आणि तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. खाणीचा इंग्रज मॅनेजर बासष्टमध्ये मायदेशी जाताना आपल्या इस्तारी फिटरला, म्हणजे बाबांना, गाडी देऊन गेला, तेव्हा ती आठ वर्षांची होती. सदुसष्टच्या पुरात ती दोन दिवस पाण्याखाली राहिली आणि चासी सडली. बाबांनी खाणीतल्या ट्रॉलीचे मोडीत निघालेले रूळ कापून नवी चासी जोडली. जोड आजही बोटाला लागत नाही. त्र्याहत्तरमध्ये इंजिनाचा ब्लॉक फुटला, तेव्हा जीपचे इंजिन बसवले. खालचा तळ आलापल्लीच्या सागाचा, ब्याऐंशीचा. दारांचे पत्रे मी आणि त्यांनी मिळून ठोकले. बॉनेट, स्टिअरिंग, मागचा ॲक्सल आणि नंबराची पितळी पट्टी तेवढी विलायतेची. इस्तारी फिटरने काय केले, हे त्या इंग्रजांना वाचायला मिळेल याचे मला फार बरे वाटते.

तुम्हाला आठवत असेल, दसऱ्याला खाणीतले बाकीचे लोक गाड्यांना झेंडूचे हार घालत. आपल्याकडे ते नव्हते. बाबा त्या दिवशी पंचशील झाल्यावर बॉनेट उघडत आणि आपल्या दोघांची परीक्षा घेत. तुम्ही प्रत्येक भागाचे नाव बरोबर सांगायचे. मी त्यात काय बिघडले आहे ते सांगायचो. नावे मला अजून नीट येत नाहीत.

शेजारच्या गुणवंतरावाने परवा चौकात सर्वांदेखत विचारले, का भाऊ, आता हे गाडी पयले चालू होते का तू पयले बंद पडतं, ते पाह्यत बसाचं का आमी. मी म्हटले, तुले तलावातली मच्छी मोजाचं काम हाय न बे, ते कर. तरी तो रोज येतो आणि टायरला लाथ मारून जातो. चाकांची हवा त्यानेच आणलेल्या पंपाने भरली.

उजवा डोळा थोडा आणखी आवळला आहे. हात मात्र शाबूत आहेत.

ममता असू द्यावी.
आपला,
प्रफुल


चंद्रपूर,
२२ फेब्रुवारी २०२४

चि. प्रफुलास,
अनेक आशीर्वाद.

मंडळाचे उत्तर आले. सोबत पाठवत आहे. आशय असा, की चासी आणि इंजिन हे दोन्ही मूळचे नसतील तर नियमानुसार ते वाहन थॉर्नबी म्हणून नोंदवता येत नाही. अर्जदाराने स्वतःच दिलेल्या माहितीवरून हा निर्णय घेतल्याचे त्यांनी सौजन्याने नमूद केले आहे. बाबांच्या कौशल्याविषयी आदर व्यक्त केला आहे.

निष्कर्ष त्यांच्या गृहीतकांशी सुसंगत आहे. त्याविरुद्ध अपील करण्यास आधार नाही.

मी बरा आहे. उन्हे वाढू लागली आहेत. तू दुपारी शेडमध्ये बसू नयेस, पत्रे तापतात.

प्रकृतीचे वर्तमान कळावे.
देवराव


गोंडपिपरी,
९ मार्च २०२४

आदरणीय देवरावभाऊंस,
सविनय जयभीम.

पत्र मिळाले. संघप्रियाने इंग्रजी वाचून अर्थ सांगितला. ठीक आहे.

मी दुपारी शेडमध्ये बसत नाही. सकाळी बसतो. ताराबाई चहा तिकडेच आणून देते. सवत म्हणायचे तिने सोडले आहे. गुणवंतराव आता टायरला लाथ मारत नाही. त्याने मारली असती तर बरे वाटले असते असे वाटते, पण नक्की सांगता येत नाही.

तुम्ही एवढा व्याप केलात, त्याबद्दल आभारी आहे.

आपला,
प्रफुल


गोंडपिपरी,
२ ऑगस्ट २०२४

आदरणीय देवरावभाऊंस,
सविनय जयभीम. वि. वि.

मधे बरेच दिवस लिहिले नाही. आज मुद्दाम लिहितो, कारण तुमच्या मनाला काही लागून राहिले असेल तर ते जावे.

कंपनीने सुट्या भागांचा बेत रद्द केला. कोणालाच काही मिळणार नाही, नोंद असो वा नसो. नवी थॉर्नबी बॅटरीवर चालणारी, उंच, पाच माणसांची गाडी असेल आणि ती इंग्लंडमध्ये बनणारही नाही. संघप्रियाने चित्र पाहून वर्णन सांगितले. जुन्या बॉनेटसारखे काही नाही, नाव तेवढे पुढे लावले आहे. मंडळातली माणसे चार दिवस सुतकात असल्यासारखी होती. पाचव्या दिवशी एकाने लिहिले, की दुसरी गाडी कदाचित उघडी, दोन माणसांची असेल. लगेच शंभरजण त्याच्या मागे गेले. न्यूझीलंडच्या म्हाताऱ्याने शेडला रंग दिला. मी त्यांना हसत नाही. मला त्यांचे समजते.

तर सांगायचे असे, की तुमच्या अर्जाने काही बिघडले नाही. अर्ज मंजूर झाला असता तरी आज मी इथेच असतो. तुम्ही खरे तेच लिहिलेत. बाबांचा मुलगा दुसरे काय लिहिणार.

डॉक्टरांनी वाहन चालवू नये असे कागदावर लिहून दिले आहे.

आपला,
प्रफुल


चंद्रपूर,
११ ऑगस्ट २०२४

चि. प्रफुलास,
अनेक आशीर्वाद.

तू मला दोषमुक्त केलेस. तुझा युक्तिवाद असा: परिणाम दोन्ही वाटांनी तोच झाला असता, म्हणून कृतीत दोष नाही. हा युक्तिवाद चुकीचा आहे. कृतीच्या वेळी कर्त्याला जे ठाऊक होते आणि जे हवे होते, त्यावरून तिचे मूल्य ठरते. फेब्रुवारीत कंपनीचा बेत जिवंत होता. म्हणून जे घडले ते सांगतो.

अर्जातील पहिल्या दहा रकान्यांत गाडीचे वर्ष, पितळी पट्टीवरचा क्रमांक, मालकाचे नाव आणि छायाचित्रे एवढेच मागितले होते. तू पाठवलेली छायाचित्रे बाहेरची होती. चासी आणि इंजिन यांविषयी एकही प्रश्न नव्हता. अकरावा रकाना 'अन्य काही माहिती' असा होता आणि तो ऐच्छिक होता. मंडळाचा नियम मी आधीच मागवून वाचला होता. दहा रकाने भरले असते तर आपली गाडी नोंदली गेली असती. मी अकरावा रकाना भरला. त्याला चार पाने जोडली. तू बाबांच्या अभिमानाने पाठवलेली यादी वर्षांसह त्यात घातली आणि शेवटी, कोणी विचारले नसता, असे विधान केले की काटेकोर अर्थाने हे वाहन थॉर्नबी नाही.

त्यातील प्रत्येक वाक्य खरे होते. मी सत्यासाठी ते लिहिले, असे तू समजलास. तसे नव्हते. तू त्या स्टिअरिंगमागे बसू नयेस, एवढ्यासाठी लिहिले. बोगद्यातून पाहिल्यासारखे दिसते, असे तू कळवलेस. कोठारीच्या पुढे रात्रंदिवस लोहखनिजाचे आणि बांबूचे ट्रक चालतात. तुला नको म्हणालो असतो तर तू ऐकले नसतेस. म्हणून इंग्लंडमधील अनोळखी माणसांकडून नको म्हणवून घेतले.

कमला गेल्यापासून मला कशाचे काही वाटेनासे झाले होते. लोक येत, बसत, जात. तुझे नोव्हेंबरचे पत्र वाचले आणि त्याच संध्याकाळी मंडळाचा नियम मागवला. ती भीती होती. मला ती ओळखू आली नाही आणि मी तिला तर्क समजलो. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, या विषयाच्या शिक्षकाकडून झालेली ही चूक आहे.

क्षमा मागत नाही. ती मागण्याने भार तुझ्यावर जातो.

देवराव


गोंडपिपरी,
२५ ऑगस्ट २०२४

आदरणीय देवरावभाऊंस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचे पत्र भिंग लावून मीच वाचले. दोन दिवस लागले. संघप्रियाच्या हाती दिले नाही.

राग आला नाही. येतो का म्हणून आणखी आठवडाभर थांबलो, तरी आला नाही. जेवतो, झोपतो, थेंब घालतो.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नव्हती, कारण मी ती लिहिली नव्हती. संघप्रिया शेजारी बसणार होती. तिच्याकडे लायसन्स आहे. गावाबाहेर सकाळच्या मोकळ्या रस्त्याला मी चालवणार होतो आणि कडेचे ती सांगत राहणार होती. ट्रकचा रस्ता लागला, की स्टिअरिंग तिच्या हाती. बल्लारपूर तिनेच ओलांडायचे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पुन्हा मी बसणार होतो, फक्त शेवटच्या दोनशे पावलांसाठी. सगळे ठरले होते. तुम्हाला सांगितले नाही, कारण सगळा रस्ता मीच चालवत आलो, असे तुम्हाला फाटकात उभे असताना वाटावे, एवढी हौस होती.

तुम्ही नको म्हणाला असता तर मी हे सांगितले असते. तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही नियम मागवलात, मला विचारले नाही. एवढेच माझे म्हणणे आहे. याला तुमच्या शास्त्रात काय नाव आहे ते मला येत नाही.

गाडी आहे तिथेच आहे. मंडळाचे लिखाण संघप्रिया अजून वाचते. त्यांना वाटते की पुढच्या वर्षी काहीतरी होईल. ती वाचते तेव्हा मी ऐकतो.

या ओळी कागदावर पट्टी ठेवून लिहिल्या आहेत, तरी एकीवर एक चढल्या असतील. हे माझ्या हातचे शेवटचे समजावे. यापुढे तुमची पत्रे संघप्रिया वाचून दाखवील आणि उत्तर तिच्याच अक्षरात येईल. तेव्हा तिने वाचू नये असे आणखी काही लिहायचे राहिले असेल, तर ते याच आठवड्यात लिहावे. अक्षर मोठे काढावे.

आपला धाकटा,
प्रफुल