एकावन्न पायऱ्यांची आगाऊ बातमी

२ जानेवारी
एका गंभीर अन्यायाची नोंद करणं भाग आहे. खिडकीतल्या खुर्चीचा डावा हात हलतो. ही बाब मी चार वर्षांत अनेकदा तोंडी आणि एकदा लेखी मांडली. कुटुंबाने दखल घेतली नाही. खुर्ची वडिलांची. गुडघे गेल्यावर शेवटची नऊ वर्षं त्यांनी तिच्यातच काढली. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरले नाहीत ते नाहीतच. मी तिच्यात बसत नाही. कारण एकच, हात हलतो.
परवा ऑपरेशन.

४ जानेवारी
किरकोळ प्रकार. उजव्या गुडघ्याच्या कूर्चेत नाण्याएवढा खड्डा पडलाय. (वार्ताहरांचा फुटबॉल सामना. मी गोल लिहून घेत होतो. चहाकडे धावताना दोरी आडवी आली. घरी फक्त ‘खेळताना’ एवढंच सांगितलंय.) त्याच गुडघ्याच्या बिनकामाच्या कोपऱ्यातून सर्जनने कूर्चेचा कण काढला. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत पाच आठवडे वाढवायच्या आणि खड्ड्यात बसवायच्या. म्हणजे माझ्यावर माझंच कलम. संस्कृतात पक्षी द्विज, दात द्विज. आता माझा गुडघाही.
सर्जन म्हणाला, तुमचं वय या उपचाराच्या जरा काठावर आहे. म्हटलं, काठावर पास झालेलाही पासच असतो.

१६ जानेवारी
प्रयोगशाळेत फोन. पेशी कशा आहेत? बाई म्हणाल्या, वाढताहेत, जरा सावकाश. इतरांच्या कशा आहेत, विचारलं. आम्ही तुलना करत नाही, म्हणाल्या. आमच्या घराण्यात आजवर कोणी मागे राहिलेलं नाही, हे त्यांच्या कानावर घातलं. हा माझा चौथा फोन होता, हे त्यांनी माझ्या कानावर घातलं.
लेक हॉस्टेलला होती तेव्हा चार वर्षांत एकदा फोन केला होता तुम्ही, असं बायकोने विनाकारण काढलं.

९ फेब्रुवारी
पेशी बसवल्या. सहा आठवडे उजवा पाय जमिनीला टेकवायचा नाही. मला स्टुलावर बसवून लेकीने आणि खालच्या न्हाव्याने वर आणलं. एकावन्न पायऱ्या. दोघं दमली. मी वळणावळणावर सूचना देत होतो म्हणून निभावलं.

१२ फेब्रुवारी
संकल्प : व्यायाम दिवसातून चार वेळा. तक्रार शून्य.
फिजिओवाली मुलगी मला काका म्हणते. तक्रार एक.

२० फेब्रुवारी
व्यायाम दोनदा. एकदा मनातल्या मनात. एकाग्रता असेल तर फरक पडत नाही.

२५ फेब्रुवारी
संपादकांचा फोन. माझ्या टेबलावर तात्पुरता एक तरुण बसवलाय म्हणे. आवाजात फार समाधान होतं. लगेच लेख लिहून पाठवला : स्वतःच्याच पेशींच्या बळावर मी सहा आठवड्यांत घरचा जिना कसा चढलो. वर लिहिलं, २३ मार्चला छापा. आगाऊ लिहिणं ही माझी पद्धतच आहे. तीस वर्षांत कित्येक भाषणं मी व्हायच्या आधी छापायला दिली. फक्त एकदा वक्ता आदल्या रात्री वारला.

८ मार्च
लेख आज छापला. पानावर जागा रिकामी राहिली होती म्हणे.
न्हाव्याने दुकानात मोठ्याने वाचून दाखवला. समोरचं जोडपं गुडघा बघायला आलं. खालून हाक आली, “शास्त्रीबुवा, आता दाढीला खालीच या की.”
बायकोने दोनदा वाचला. “हे कधी झालं?” तिने विचारलं.
छापून आलंय म्हणजे झालंच, म्हटलं.

९ मार्च, दुपारी १
बायको कामावर. तीस वर्षांत माझ्या बातमीखाली एकदाही खुलासा छापलेला नाही. बातमी मागे घेण्यापेक्षा खरी करणं सोपं. दोन आठवड्यांचाच तर फरक.

९ मार्च, दुपारी ४
बसत बसत खाली उतरलो. दाढी उत्तम झाली. येताना कठडा धरून, पण उभ्याने, तेवीस पायऱ्या. चोविसावीला गुडघ्यात काहीतरी सरकलं. उरलेल्या पाठमोरा बसून. एकंदरीत बातमीत तथ्य आहे.

११ मार्च
गुडघा भोपळ्याएवढा. हवा बदलल्यामुळे, असं घरी सांगितलंय.
फिजिओवाली आली. गुडघा बघितला. काका म्हणाली नाही. सर्जनला फोन लावायला बाहेर गेली.

१८ मार्च
पुन्हा स्टूल, पुन्हा न्हावी. या खेपेला सूचना दिल्या नाहीत.
सर्जनने स्कॅन दाखवला. बसवलेला थर एका कडेने उचकटलाय. चिकटेल, किंवा नाही चिकटणार. नव्याने पेशी वाढवता येतील का, विचारलं. त्याने माझ्या कागदावरच्या वयाकडे पाहिलं. तोवर जिना बंद. तोवर म्हणजे किती? “बघू,” म्हणाला. हा शब्द मी तीस वर्षं ‘विचाराधीन’ असा छापत आलोय.
घरी बायकोला सगळं सांगितलं. चहाकडे धावलो होतो, तेसुद्धा. ते मला माहीत होतं, म्हणाली.

२३ मार्च
बातमी आज खरी ठरायची होती.
सकाळी सुतार आला. बायकोने बोलावला होता, मला न सांगता. दहा मिनिटांचं काम. दोन स्क्रू.
“आता बसा,” ती म्हणाली. “हलत नाही.”
दुसरं कारण सुचेना. बसलो.
इथून न्हाव्याचं अर्धं दार दिसतं, बसथांबा दिसतो. वडील न बघता सांगायचे, कुठली बस किती वाजता. मला वाटायचं, त्यांना बसची आवड आहे.
आता दुपार होतेय. चार बस गेल्या. मीही कधी खाली जाणार नाही, अशी मला भीती वाटते.