दुपट्यातले कागद

चि. सौ. सरोजिनीस,

तू प्रवरेवर धुणं घेऊन गेली आहेस आणि मी आता मोटारीने संगमनेरला माझ्या इंदूकडे, लेकीकडे निघते आहे.

तिच्या बाळाचं दुपटं पाहिलं. तुकड्याच्या सगळ्या बाजूंना शेजारचे तुकडे जोडून होण्याआधीच तू आकार धरायला आत घातलेला कागद ओढून काढतेस, म्हणून कडा ताणल्या. सगळं उसवून टोपलीत ठेवलं आहे. पुन्हा कापड कागदावर दुमडून कच्चा टाका घाल. तुकडे तोंडाला तोंड लावून नुसत्या कापडाच्या कडेतून शीव. जोडताना सुई कागदात जाता कामा नये. माझ्या सासूबाईंनीही माझं असंच उसवलं होतं. त्या वर्षी माझं माहेरी जाणं बुडालं. त्याने मी मेले नाही.

तुझा भाऊ आत्ताच नेवाशाहून तुला न्यायला येऊन गेला. आईचं काही खरं नाही, सारखं ताईचं नाव घेते, म्हणाला. मी म्हटलं, "दुपटं पुरं झाल्याशिवाय यायची नाही, असं तीच म्हणते." बिचारा पाणीही न पिता गेला.

शामकांतला यातलं सांगू नकोस, तो दमून येतो. शुक्रवारी आले की टाके बघेन, मग तुझ्या जाण्याचं बोलू. तोवर काही झालंच, तर तिकडून निरोप येईलच.

अनेक आशीर्वाद.