आधीच आलेलं ओके

४ डिसेंबर १९९३
आलो बुवा सुरतेत! धुळ्याच्या कॉम्प्युटर क्लासातून थेट रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये, शेठच्या ऑफिसात, स्वतंत्र टेबल आणि पंख्यासकट. राहायला पांडेसऱ्यात, योगिताताईकडे. शेठची रंगाईची गिरणीही तिथंच, आणि ताईचे मालक, सुकदेव दाजी, तिथल्याच रंगाच्या टाकीवर. शेठला हौस भारी, गिरणीतलं पानही इथून हलावं. तिथं संगणकाचे दोन पडदे आहेत, एक दाजींपाशी, एक बॉयलरवर. मी फोनच्या तारेवरून लिहितो, 'टाकी धुवा'. दाजी आत उतरतात, घासून बाहेर येतात आणि 'ओके' टाइप करतात. ते आलं की मी बॉयलरला लिहितो, 'वाफ सोडा', आणि टाकीत उकळती वाफ शिरते. यंत्रांच्या गोंगाटात तिथं कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त आमच्यावर! ताईनं रात्री पोंक, म्हणजे इथला हुरडा, खाऊ घातला. चैन आहे.

७ डिसेंबर
प्रोग्राममध्ये एक खोड निघाली. अक्षर दाबलं की दोन उमटतात. ओळखीचं दुखणं आहे. आपला संगणक अक्षर दाखवतो आणि पलीकडचाही तेच परत पाठवतो. इथलं दाखवणं बंद केलं, तरी दोनच. जेवताना दाजींना सांगितलं तर हसले. म्हणाले, "कायजी नको करू भाऊ. तू लिखस, तेच मी करस." ताईनं आणखी एक भाकरी वाढली.

११ डिसेंबर
मोडेम बदलला. तार बदलली. प्रोग्राम नव्यानं चढवला. शेजारच्या टेबलावरची जागृतीबेन म्हणते, नारळ फोड. हसलो, पण हसू टिकलं नाही. दुसरं अक्षर आता पहिल्याच्या आधी येतं, मी दाबायच्या आधी. मुद्दाम वेगळं दाबायला गेलो. बोट त्याच अक्षरावर पडलं. खरं सांगतो, भीती वाटली.

१४ डिसेंबर
आज दाजींचं 'ओके' आधीच आलं. घरी विचारलं तर त्या वेळी ते टाकीतच होते. मी चहाला उठलो म्हणून वाफेचं लिहायचं राहिलं, नाहीतर—
शेठला म्हटलं, हे बंद करा. ते म्हणाले, "चालशे, भाई." सीझन संपू दे म्हणे. बॉयलरवरच्या हिलालला म्हटलं, आधी टाकीत डोकावत जा. त्याला जागा सोडता येत नाही. दाजींना म्हटलं, उद्या उतरू नका. हुकूम आल्यावर उतरलो नाही तर मुकादम घरी बसवेल, म्हणाले. कुणाकुणाच्या पाया पडू?

१५ डिसेंबर
'टाकी धुवा.' मी लिहिलेलं नाही. हात खिशात होते.

मोडेमची तार उपटली. ओळ तशीच.

जागृतीबेनला खाली पीसीओवर पळवलं. गिरणीत एकच फोन, तो एंगेज. कुणाशी जोडलाय? तार तर माझ्या हातात—

खाली 'ओके' उमटलं. इतक्यात? दाजी आत्ताच उतरले असतील. आत आहेत ते. आत—

संगणक बंद केला. पडदा चालूच. रिक्षानं निघालो तरी वाटेत उधन्यापर्यंतच—

कीबोर्डला हात लावणार नाही. म्हणून वही धरलीय. लिहीत राहीन, म्हणजे बोटं तिकडे—

'वा'

'वाफ सो—' मी नाही. ताई, मी नाही लिहीत हे. कुणीतरी हाक मारा त्यांना, कुणीतरी—

बॉयलरवरून उत्तर येतंय. ओ