घरपट्टी मी भरली, आप्पा

आप्पा,

लातूरच्या घराची घरपट्टी आता मी भरते. दादा नाही, मी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमच्याशी भांडायचं तर असं कागदावरच भांडावं लागतं. आणि मला भांडायचंच आहे.

तुम्ही कधी नव्हे ते मला स्कूटरवर मागं बसवून टॅक्सवाल्या वकिलांकडं नेलं, तो दिवस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. बी.एड. होऊन मी घरात बसलेली, नोकरीचा पत्ता नाही. तुमच्या सदऱ्याला आडत दुकानातल्या तुरीच्या धुळीचा वास येतोय. वरच्या मजल्यावर क्लासच्या पोरांसाठी तुम्ही खोल्या काढल्या होत्या, त्यांचं भाडं दुकानाच्या उत्पन्नात मिळून तुमचा टॅक्स वाढून राहिला होता. वकील म्हणाले, "वहिनींच्या नावावर करून उपयोग नाही, बायकोला दिलेल्या घराचं भाडं परत तुमच्यातच धरतात. मुलाची दुकानात भागी आहे, त्यालाही टॅक्स बसतोय." तुम्ही माझ्याकडं बोट केलं. "मग हिच्या नावानं करा की. पोरगी रिकामीच हाय." रिकामी! मी समोर चहाचा कप धरून बसलेली, आणि माझी लायकी काय, तर मला कमाई नाही. घरी आलो तेव्हा आई भाकरी थापत होती. तिला तुम्ही म्हणालात, "नुसतं कागदावर हाय, मनाला लावून घिऊ नको." आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "कागदावरच असतंय की समदं," म्हणाली. तुम्ही खदखदून हसलात. मला काही हसू आलं नाही.

मग माझं लग्न झालं, नांदेडला शाळेत नोकरी लागली. तुम्ही गेलात, मागोमाग आईही गेली. दुकान दादाकडं, घरही दादाच बघायचा. खोल्यांचं भाडं तो घ्यायचा आणि घरपट्टी तोच भरायचा, तीही वेळेआधी. लवकर भरणाऱ्याला सूट मिळते ना, ती सोडायची नाही हे तुमचंच वळण. आणि मी? घर माझ्या नावावर, म्हणून भाडं माझ्या रिटर्नमध्ये. जे भाडं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याचा टॅक्स माझ्या पगारातून. आमचे हे म्हणायचे, "माहेर आहे, जाऊ दे." दिलं जाऊ. वर्षानुवर्षं दिलं.

दोन वर्षांपूर्वी पंचमीला दादा स्वतः मुराळी होऊन मला न्यायला आला. लाह्या आणल्या, मोरपंखी साडी आणली, आणि साडीच्या घडीखाली बक्षीसपत्राचा मसुदा. आपल्याकडची रीत तुम्हाला काय सांगायची! तुमच्या दोन्ही बहिणींनी शेतावरचा हक्क एकेका साडीवर सोडला, त्या साड्या तुम्हीच आणल्या होत्या. दादा म्हणाला, "सही कर अन् मोकळी हो. आप्पांनी टॅक्ससाठी तुझं नाव लावलतं, बाकी काय न्हाई. घरपट्टी इतकी वर्षं कोण भरून राहिलंय? मीच की!" आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो ऐन पंचमीलाच दारात उभा राहिला. मी साडी ठेवून घेतली. सही दिली नाही.

पण 'घरपट्टी कोण भरतंय' हे त्याचं बोलणं कानात राहिलं. त्याच आठवड्यात रिटर्नसाठी सीए बाईंकडं गेले. वयानं माझ्या लेकीएवढी, तोंडानं तिखट. तिला विचारलं, भाड्यातून घरपट्टी वजा होत नाही का? ती म्हणाली, "होते की. भाड्यानं दिलेल्या घराची होते, तुम्ही राहता त्या नांदेडच्या घराची नाही. पैसे कुणी भरले?" म्हटलं, भावानं. "मग नाही. मालकानं स्वतः, त्या वर्षात भरली तरच. मॅडम, मालक तुम्ही आहात का तुमचे भाऊ?" असं मला आजवर कुणी सरळ विचारलं नव्हतं. निघताना तिनं बजावलं, "आणि भराल तेव्हा पावती आणा, बिल नको. सूट मिळाली तेवढं वजा करता येत नाही, खरंच भरलं तेवढंच. खिशातून गेलंच नाही त्याचं काय रडायचं?" मला तुमचीच आठवण झाली. तुमचं तिच्याशी लई जमलं असतं.

पुढच्या एप्रिलात भरणा सुरू झाला त्या दिवशी पहाटेची एसटी धरली. घरबसल्या मोबाईलवरही भरता आली असती, पण मला खिडकीसमोर उभं राहायचं होतं. अंगावर दादानं आणलेली मोरपंखी साडी. चाकूरला गाडी थांबली तेव्हा वाटलं, उतरावं, परत फिरावं, भावाशी कशाला तोडायचं? उतरले नाही. खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं, मग मान वर करून बघितलं. "मालक तुम्हीच का? दरवर्षी दुसरेच येतात." म्हटलं, "आता मीच येणार." सूट वजा करून पैसे घेतले, पावती दिली.

दुपारपर्यंत दादाचा फोन. तो खिडकीवर जाऊन हात हलवत परत आला होता. "काय करून राहिलीस तू? घरपट्टी मी भरतो नव्हं?" मी म्हटलं, "दादा, घर माझं, टॅक्स माझा, मग घरपट्टी तुझी कशी? आणि पुढच्या महिन्यापासून पोरांचं भाडं माझ्या खात्यावर येईल, त्यांना सांगून आलेय." तो ओरडला, "आप्पा असते तर तुझी हिंमत झाली असती का?" झाली असती. तुमच्यासमोरही हेच बोलले असते. पोरगी रिकामी होती म्हणून घर दिलंत ना, आता ती रिकामी नाही.

काल रिटर्न भरलं. भाडं मांडलं, त्यातून पावतीवरची घरपट्टी वजा केली. टॅक्स वाचला तो इतका थोडा, की आमच्या ह्यांना हसू आवरेना. हसू देत. दादा गेल्या पंचमीला आला नाही, ह्याही पंचमीला नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? दिवसभर दाराकडं बघत होते.

एक गोष्ट फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. दादा खोटं बोलत नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी खोलीत आपण दोघंच होतो, तेव्हा माझा हात धरून तुम्ही म्हणालात, "दादाचं घर दादाला दिऊन टाक गं, बाई." मी तुम्हाला पाणी पाजलं, तोंड पुसलं, पण हो म्हणाले नाही. दादाला हे कधीच कळलं नाही आणि मी कळू देणार नाही, म्हणून हे पत्र लिहून झालं की फाडणार आहे. घर मात्र देत नाही, आप्पा.