मातीत, पेटीशिवाय

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातला निवृत्त टाकीचालक, कोणाच्याही धाकाशिवाय ही माझी शेवटची व्यवस्था लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे, म्हणजे नंतर कोणी नाक मुरडायला नको.

१. माझ्या मालकीचे दोन खोल्यांचे घर मुलाला. अटीबद्दल कलम ५ पाहावे.

२. घरातले सर्व सामान धाकट्या बहिणीला. बायको गेल्यावर माझी उस्तवार तिनेच केली. "दादा, तुझ्या हातांचा वास काही जात नाही," असे कुरकुरत का होईना, दोन वेळा जेवायला तिनेच वाढले.

३. माझा सूक्ष्मदर्शक टाकीवर माझ्या जागी आलेल्या बाईंना. बाई, रोज सकाळी टाकीतल्या पाण्याचा एक थेंब बघत जा. शहराची घाण आपण साफ करत नाही, ते जीवाणू खातात. आपण फक्त हवा सोडायची आणि त्यांच्या वाटेला जायचे नाही. ते नसते तर गळलेले पान वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले असते आणि नव्या पानाला खायला काही मिळाले नसते.

४. केंद्राच्या जुन्या साहेबांना काहीही नाही. त्यांनी एका कारखान्याचे जंतुनाशक टाकीत सोडू दिले. एका दिवसात टाकी मेली. शेजारच्या गावातून जिवंत गाळ आणून, विरजण लावावे तशी मी ती पुन्हा धरली. ठपका मात्र माझ्यावर आला. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांनी माझ्या अंत्यविधीला येण्याची तसदी घेऊ नये.

५. मला एका दिवसाच्या आत, नुसत्या कापडात, मातीत ठेवावे. प्रेत टिकवायचे औषध अंगात भरू नये. पेटी नको.

बायकोनेही हेच सांगितले होते. जीवाणूंना ती माझे कामगार म्हणायची. "मला तुमच्या त्या कामगारांच्या हवाली करा. पेटीबिटी नको," म्हणाली होती. पण मुलगा दूरदेशी होता. फोनवर रडत म्हणाला, "बाबा, मी येईपर्यंत थांबा. मला तिचा चेहरा बघायचाय." बारा दिवस थांबायचे म्हणून मी औषधाच्या आणि जस्ताच्या बंद पेटीच्या कागदावर सही केली. टाकीत जंतुनाशक पडले म्हणून साहेबांशी भांडलेला मी, तसलेच औषध बायकोच्या अंगात भरू दिले. मुलाचा दोष नाही. नको म्हणणे माझ्या हातात होते. नऊ वर्षे झाली, ती अजून जमिनीखाली त्या पेटीत तशीच असेल. मला याची फार लाज वाटते.

पेटी उघडण्याचा अर्ज मी दोनदा आणला. तिला तशी बघावे लागेल या भीतीने दोनदा फाडला.

तिला पेटीतून काढून माझ्याशेजारी मातीत ठेवावे, तरच घर मिळेल, असे मी आधी लिहिले होते. काल ते खोडले. अट घातली तर बाळा, तू ते घरासाठी करशील. घर तुझेच, काही केलेस तरी, न केलेस तरी. पण माझ्यामागे त्या अर्जावर फक्त तुझी सही चालेल. सही कर, आणि झाकण उघडतील तेव्हा बाहेर उभा राहा. तिचा चेहरा बघू नकोस.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही: टाकीचालक (निवृत्त)
साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर २. समोरचे कुलूपवाले
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च