बायकांच्या तोंडी माझे शब्द

६ मार्च, सोमवार
नामुलेमे माहेरी गेली त्याला आज अकरा दिवस झाले. विश्रांतीसाठी गेली आहे. शिलाई मशीन सोबत नेलंय, पण बायकांना हाताला काहीतरी चाळा लागतोच.
शेजारीण म्हणते, मी बायकोला बोलू देत नाही. साफ खोटं. मागे तिची बहीण आली, "कशी आहेस?" म्हणाली, तर "मजेत आहे" एवढंच मी पटकन सांगून टाकलं. धंद्याची सवय! ब्वाइसेच्या व्हिडिओ हॉलमध्ये चौदा वर्षं पडद्यावरच्या झाडून सगळ्यांचं आमच्या लुगांडा भाषेत माईकवरून मीच बोलतोय. नायजेरियन बायका तर माझ्यावाचून मुक्या.

७ मार्च
बायको परत आणायची तर रीतीप्रमाणे सासऱ्यांकडे बकरा घेऊन जायचं आणि आपली चूक कबूल करायची. चूक नाही, सबब बकरा रद्द. हे काम सिनेमा करील. शनिवारी दुपारी खास बायकांचा शो, नायजेरियन कौटुंबिक. असल्या सिनेमात बायका तीनच प्रकारच्या: रडणाऱ्या, करणी करणाऱ्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत चर्चमध्ये पश्चात्ताप करणाऱ्या. मी नायिकेच्या तोंडी असे शब्द घालीन की नामुलेमे थेट घरी येईल. मेहुणीकरवी निरोप धाडला. उद्या सगळे संवाद लिहून काढायचे. पक्कं.

९ मार्च
लिहिले नाहीत. वीज नव्हती. सिनेमाही पाहिला नाही, पण पाहायचंय काय? शेवटी बायको परत येतेच.

११ मार्च, सकाळी
नामुलेमे येतेय! शर्टाला इस्त्री केली. खिसा जळाला. माईक असला की खिशाकडे कोण बघतं.

११ मार्च, संध्याकाळी
नोंद राहावी म्हणून लिहितो. सुरुवात झकास. नवरा दुसरी बायको घेऊन आला, नायिका पाच मिनिटं ओरडली. मी म्हटलं, "धनी, हिलाही केळ्यांचं मटोके वाढू का?" हॉल हसला, कौतुकानेच. मग ती बॅगा भरू लागली. मी सांगितलं, सासूबाईंना दवाखान्यात नेतेय. मागून कुणीतरी विचारलं, तीन बॅगा? तेवढ्यात तिने मुसळ उचललं. मी म्हटलं, नवऱ्यासाठी शेंगदाणे कुटणार. नवरा पळत सुटला. भूक लागली असेल, म्हटलं.
बायका का खिदळतायत म्हणून मी माईक घेऊन बसतो त्या खोक्याचा पडदा सारून पाहिलं, तर दुसऱ्या रांगेत नामुलेमे आणि शेजारी तिची आई! आमच्यात जावयाने सासूसमोर येऊ नये. आला तर हात थरथरायला लागतात, ते कायमचे. शर्ट डोक्यावर ओढून मी मागच्या खिडकीतून बाहेर पडलो. पळालो नाही. रीत पाळली.
माईक चालूच होता. भिंतीपलीकडून आवाज आला, नामुलेमेचा. ती नायिकेचं बोलली, सवतीचं बोलली, मोलकरणीचंसुद्धा बोलली. एकदा म्हणाली, "आता ही काहीच बोलत नाहीये. राहू दे तिला गप्प." अख्खा हॉल चिडीचूप. चौदा वर्षांत माझ्या वाट्याला अशी शांतता आली नाही, आणि खिडकीखाली उभं राहून मला फार एकटं वाटलं.
नायिका परत गेली नाही म्हणे. सलून काढलं. पटकथाच कच्ची.

१३ मार्च
हॉलची मालकीण हाजीबाई म्हणाली, शनिवार यापुढे नामुलेमेकडे. मला मारामारीचे सिनेमे. तिथे फारसं कुणी बोलत नाही, म्हणाली. ही बढतीच समजायची. सकाळपासून हात थरथरतायत.

१९ मार्च, रविवार
बकरा नेला.
सासूबाई आत, पडद्याआड. मी सासऱ्यांसमोर चटईवर. चूक काय झाली, त्यांनी विचारलं. भाषण तयारच होतं: संसारात दोन्ही बाजू असतात, कधी मायेपोटी माणूस घाईने बोलतो, शिवाय धंदा असा. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि लेकीकडे वळून म्हणाले, "जावईबुवा काय म्हणतायत?"
नामुलेमे म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत की घर खायला उठतं. आणि आपलं काय चुकलं ते त्यांना कळलंय, पण सांगायची लाज वाटते."
दुरुस्ती करायला मी तोंड उघडलं. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.