फाट्यावरची हिरवी डहाळी

१८ नोव्हेंबर, सोमवार
आलो एकदाच्या! हदगावहून एसटीनं किनवट, तिथून खात्याच्या जीपनं थेट सागाच्या जंगलातल्या या क्वार्टरवर. दोन खोल्या, पुढं सीताफळ, मागं डोंगर. नवऱ्याच्या जागी अनुकंपेवर वनरक्षक झालेली मी, सुकन्या, आज पहिल्यांदा खाकी पँट घालून आरशासमोर उभी राहिले आणि माझं मलाच हसू आलं. माझ्या लेकीनं, ज्ञानेश्वरीनं, तर कडक सलाम ठोकला. सात वर्षांची आहे, पण माझी खरी साहेब तीच. मी कामावर असताना शेजारच्या नीलाबाई तिला बघणार आहेत. हे इथंच नोकरीला होते. खात्यातले साहेब गस्तीला दुसरं बीट, म्हणजे जंगलाचा दुसरा भाग, देत होते, मी हट्टानं हेच मागून घेतलं. ज्या वाटांच्या गप्पा ऐकत संसार केला, त्या मला पायांनी बघायच्या होत्या.

२० नोव्हेंबर
पहिली गस्त. सोबत जुने वनमजूर भुजंगदादा. थंडी आता कुठं पडायला लागलीय, गवत पिवळं झालंय, चालताना ऊन अंगावर बरं वाटतं. वाट ओढ्याशी उतरते. दोन पावसाळ्यांमागं हे याच ओढ्यात वाहून गेले. एकटेच होते. भुजंगदादांनी जागा दाखवली आणि टोपी काढली. रडू येईल वाटलं होतं, पण नुसती पाण्याकडं बघत राहिले. येताना त्यांनी इथली रीत सांगितली. वाट फुटते तिथं पुढं गेलेल्यानं हिरवी डहाळी मोडून आपल्या वाटेवर ठेवायची, म्हणजे मागचा चुकत नाही.

२३ नोव्हेंबर
फाट्यावर ताजी डहाळी होती, ओढ्याच्या वाटेवर. भुजंगदादा पुढं गेले असं समजून मीही गेले. ओढ्यावर कुणी नव्हतं. थोड्या वेळानं दादा मागून आले. डहाळीचं सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला.
"ताई, मी तर तुमच्या मागं हाय. आपल्याफुडं कुणीच गेलं न्हाई."

२५ नोव्हेंबर
पुन्हा डहाळी. साल नखानं निम्म्यापर्यंत सोललेली. हे चहा पिता पिता लिंबाची काडी अशीच सोलायचे, घरभर कचरा करायचे आणि माझी बोलणी खायचे. आज ती डहाळी छातीशी धरून मी ढसाढसा रडले. भ्यायला हवं होतं. मला आनंद झाला.

२७ नोव्हेंबर
झोप नाही. लिहूनच टाकते. ह्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. दिरांनी पोरीला शिकवायचा शब्द दिला, सासूबाईंनी हात जोडले, तरी नाही. शेवटी मी जवळ बसून हळूच म्हणाले, "तुम्हाला एकट्याला ठेवणार न्हाई. येते मी." लगेच कावळा उतरला. सगळे मोकळे झाले.
दुःखात माणूस काहीही बोलतो. ह्यांनी ते खरं मानलं. वाट बघतायत माझी.

२८ नोव्हेंबर
एकटीच ओढ्यावर गेले. पलीकडच्या काठावर हे. पाठमोरे. ओलेचिंब—
हात जोडून सांगितलं, पोरीला सोडून कशी येऊ? तिला माझ्याशिवाय कोण आहे?
ह्यांनी मान हलवली, समजल्यासारखी. सुटले वाटलं. घरी येईपर्यंत हुंदका आवरत नव्हता.

२९ नोव्हेंबर
आज डहाळी नाही. तरी बदली मागितलीय. उद्या हदगावला—
ज्ञानेश्वरी म्हणाली, पप्पा रोज शाळेच्या कुंपणापाशी येतात. कपडे ओले असतात म्हणे. मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं.

३० नोव्हेंबर
सामान बांधत होते. ज्ञानेश्वरी अंगणात होती. नीलाबाई म्हणतात, आत्ता इथंच—
चपला दारातच आहेत.
भुजंगदादा माणसं घेऊन ओढ्याकडं गेलेत. मला बळंच घरी बसवलं. हाताला काहीतरी हवं म्हणून लिहितेय.
मीच सांगितलं ह्यांना. पोरीला सोडून येत नाही म्हणून. मीच—

माणसं परत आली. भुजंगदादा अंगणात खाली बसलेत. वर बघत नाहीत. त्यांच्या हातात तिचा फ्रॉक—

मागच्या दारी हाक. ह्यांची. आणि तिची, हसत हसत. दोघं एकदमच.
आता ह्यांना नाही म्हणायला माझ्याकडं कुणी उरलंच—